नेम कुठे हुकला?

मामांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर भाषण लिहून काढलं होतं. साक्रीत अकरावी-बारावीच्या मुलांसमोर त्यांना बोलायचं होतं, आणि विषय होता शोकांतिकेतल्या नायकाचा नाश कशामुळे होतो. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली, तरी बोलायला उभं राहण्याआधी ते एकदा कुणाला तरी सगळं ऐकवून बघतात. या वेळी मी सापडले. डिसेंबरातला रविवार, दिवेलागण होऊन गेलेली. मामींनी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. परातीतून वाफ निघत होती आणि आम्ही दोघं ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. महामार्गावरून नवापूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज मधूनमधून येत होता.

पहिलं पान त्यांनी चष्म्याजवळ नेलं. "नायक हा स्वतःच्या दोषानेच पडतो."

"मामा, हे वाक्य मी शाळेत तुमच्याच तोंडून ऐकलंय," मी म्हटलं. "परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत. पण बारा वर्षं कोर्टात काढल्यावर ते पटेनासं झालंय."

"का बरं?"

"माझ्याकडे पडलेलीच माणसं येतात. त्यांच्यात दोष असतात, नाही कशाला म्हणू? पण तेच दोष घेऊन ताठ उभी असलेली माणसंही रोज बघते मी. कधीकधी त्याच खटल्यात, समोरच्या बाजूला."

मामांनी हातातलं पान परातीखाली सरकवलं. भाषण तिथेच थांबलं.

"मग सुधाकर घे," ते म्हणाले.

'एकच प्याला' हे मामांचं जुनं दैवत. त्यांची प्रत पुठ्ठा निघालेली, वर वर्तमानपत्राचं कव्हर, आत समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा. ते नाटक रंगमंचावर आलं ते बघायला गडकरी उरले नव्हते, हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही जड होतो. 23 जानेवारी 1919 ला सावनेरला गडकरी गेले, वय अवघं तेहतीस. 20 फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. पदंसुद्धा विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली.

"तू वकील, तोही वकील," मामा सांगू लागले. "हुशार, स्वाभिमानी. सिंधूसारखी बायको, घरात लहान मूल. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि काही काळापुरती सनद जाते. घडलंय ते एवढंच. घर बुडालं नाही, कुणी मेलं नाही. दुसरा वकील चार दिवस तोंड पाडून बसला असता आणि मुदत संपल्यावर पुन्हा कोट चढवला असता. सुधाकरला ते जमत नाही. मान खाली घालणं त्याच्या रक्तातच नाही. तालीराम प्याला पुढे करतो, पण सुधाकर पितो तो अपमान विसरायला. मग मुळाशी काय निघालं?"

"तुम्ही म्हणणार, मानीपणा."

"मीच म्हणतो असं नाही. पुढे बघ. सासरच्या माणसांनी मदत देऊ केली तर सिंधूला शपथ घालतो की माहेरचं काही घ्यायचं नाही. पोर उपाशी, बायको लोकांची दळणं दळतेय, आणि ह्याचा मान शाबूत. दारू नंतर आली, बेटा. मान आधीपासून होता."

"सनद जाणं म्हणजे 'एवढंच' नसतं, मामा." माझा आवाज थोडा चढलाच. "तुम्ही ते बाहेरून बघताय. सकाळी साडेदहाला कोट घालून निघायची सवय असते. एक दिवस तो कोट खुंटीवरच राहतो. पक्षकार घरी येतो, चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठताना हळूच म्हणतो, साहेब, तारीख जवळ आली, तेवढी फाईल द्या. एक नेतो, मग दुसरा नेतो. पानटपरीवर बोलणं चालू असतं, तुम्ही दिसलात की थांबतं. साक्रीएवढ्या गावात तोंड लपवायला जागा कुठे असते? अशा वेळी शेजारी कोण येऊन बसतं यावर सगळं ठरतं. त्याचा मित्र रामलाल नेमका विलायतेला गेलेला. आला कोण, तर तालीराम. आणि गडकऱ्यांनी नाटकाला नाव तरी काय दिलं? सुधाकरचं दिलं का? प्याल्याचं दिलं."

नावाचा मुद्दा मामांना आवडला. शिक्षकाला आवडतोच. "नावाचंच म्हणशील तर आगरकरांनी 1883 साली हॅम्लेट मराठीत आणला आणि नाव ठेवलं 'विकारविलसित'. मनातल्या विकारांचा खेळ. निकाल नावातच देऊन टाकला बघ. देवलांनी 1890 मध्ये ऑथेल्लो आणला तो 'झुंझारराव' म्हणून, थेट माणसाचंच नाव. गडकऱ्यांनी मात्र वस्तूचं नाव दिलं, हे खरंय तुझं. पण त्या नावातला 'एकच' बघ. एकच प्याला, असं कोण म्हणतं? पिणारा म्हणतो. स्वतःची समजूत तोच काढतो. प्याला बोलत नाही."

याला माझ्याकडे तिथल्या तिथे उत्तर नव्हतं. मी दुसरीकडून शिरले.

"गडकरी जन्मले कुठे? नवसारीला. प्रयोग झाला कुठे? बडोद्याला. दोन्ही गावं आज गुजरातेत, आणि तिथे दारूबंदी. हा आपल्या दारावरून जाणारा रस्ताच तिकडे जातो. नवापूरच्या अलीकडे जी बाटली परवान्याने विकली जाते, तीच हद्द ओलांडली की गुन्हा होते. माणूस तोच, बाटली तीच, तहानही तीच. एक घरी जाऊन झोपतो, दुसरा कोठडीत. तुमच्या सिद्धान्तात ही हद्द कुठे बसते?"

"नाटकात बसत नाही ती," मामा म्हणाले. "खटल्यात बसते. नाटकाला कोठडीशी देणंघेणं नसतं. सुधाकरला कुठल्याही राज्यात ठेव, तो पडेलच. भगीरथ आठव. तोही पिणाऱ्यांच्या त्याच मंडळातला, तोही दुखावलेलाच आहे. आणि तो सुटतो. गडकऱ्यांनी भगीरथ ठेवलाय तो ह्यासाठीच. प्याला दोघांच्या हातात तोच, पण एक बुडतो आणि एक तरतो. म्हणजे फरक प्याल्यात नाही, माणसात आहे."

"भगीरथाचा हात कुणी धरला?"

मामा काही बोलले नाहीत.

"रामलालने. परत आल्यावर त्याने भगीरथाला बाहेर काढलं, कामाला लावलं. आणि सुधाकर मध्येच एकदा सोडायचं ठरवतो तेव्हा काय होतं? शुद्धीवर येतो, कामधंदा मागायला निघतो, आणि प्रतिष्ठितांच्या दारातून अपमान घेऊन परत येतो. पहिल्यांदा पडला तेव्हा मानी होता, हे मान्य. पण दुसऱ्यांदा तो मान गिळून गेला होता, मामा. हात पसरायला गेला होता. तेव्हा त्याला कुणी उभं केलं नाही. त्या क्षणी दोष कुणाचा?"

मामींनी आतून विचारलं, भाकरी टाकू का. मामांनी हातानेच थांबवलं.

सिंधूचा विषय मला काढायचा नव्हता, कारण तो निघाला की मी वाद घालत नाही, चिडते. पण मामांनीच काढला. म्हणाले, "सिंधूसारखी बायको असून जो पडतो, त्याला परिस्थितीचा बळी कसा म्हणायचं?"

"सिंधू माझ्याकडे दर महिन्याला येते," मी म्हटलं. "नाव वेगळं, गाव वेगळं. डोळ्याखाली काळंनिळं असतं. विचारलं की सांगते, मोरीत पाय घसरला. मी कागद पुढे करते, ती पदराने तोंड पुसते आणि म्हणते, आज राहू द्या. नाटकातली सिंधू मरता मरता पोलिसांसमोर नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, आणि शंभर वर्षं आपली प्रेक्षागृहं त्या खोटेपणासाठी रडताहेत. मलाही रडू येतं. पण रडून झाल्यावर वाटतं, ह्या पोरीला एकानेही सांगितलं नाही का, की दार लावून घे? तिची भाबडी निष्ठा हीसुद्धा सुधाकरच्या पडण्याचं एक कारण आहे. त्याला कुठेच भिंत लागली नाही. तालीरामची गीता बघा, नवऱ्याला तोंडावर बोलते. तिच्याबद्दल कुणी हळहळत नाही."

"सिंधूला नावं ठेवू नकोस," मामा कळवळून म्हणाले. "तिचा आवाज आपल्या खानदेशात घडलाय." हे ते नेहमी सांगतात आणि मला ते दर वेळी ऐकावंसं वाटतं. बालगंधर्व लहानपणी जळगावात होते, तिथे मेहबूबखानांकडे गाणं शिकले. भरजरी शालूंसाठी ओळखला जाणारा तो नट सिंधूसाठी ठिगळाचं लुगडं नेसून उभा राहिला. समोर सुधाकर होते गणपतराव बोडस. "नावं नाही ठेवत मी तिला," मी म्हटलं. "मी तिची वकील आहे."

मग बराच वेळ आम्ही नुसत्या शेंगा सोलल्या. टरफलांचा ढीग झाला. मामांनी परातीखालचं पान ओढून काढलं, वाचलं आणि खिशातल्या पेनाने 'दोषानेच' या शब्दाखाली रेघ मारली.

"एक सांगू का तुला? ॲरिस्टॉटलने दोष म्हटलेलंच नाही," ते हळू म्हणाले. "त्याचा शब्द हमार्तिया. त्याचा मुळातला अर्थ नेम चुकणे. बाण सोडला आणि लक्ष्यावर लागला नाही. नायक दुष्ट नसावा, अगदी निर्दोषही नसावा, आणि त्याच्या हातून मोठी चूक व्हावी, एवढंच तो म्हणतो. आम्ही फळ्यावर दोष लिहिलं, कारण तो शब्द सोपा. मुलांना लिहायला बरा, तपासायलाही बरा. सुधाकर: मानीपणा. ऑथेल्लो: संशय. मॅकबेथ: महत्त्वाकांक्षा. जोड्या लावा म्हटल्यासारखं. इतकी वर्षं मी हेच शिकवलं."

"आणि आता?"

"आता मला पिंपळनेरच्या पलीकडचे तीरकामठेवाले दिसतात. लहान असताना वडिलांबरोबर तिकडे जायचो. भिल्लांचा एक म्हातारा होता, त्याचा नेम हुकला की तो कामठ्याकडे बघायचा नाही, हाताकडेही बघायचा नाही. वाऱ्याकडे बघायचा, मग जिथे उभा राहून सोडला त्या जागेकडे बघायचा, आणि मग पुन्हा तिथेच उभा राहायचा. नेम चुकण्यात हात असतो, वाराही असतो, उभं राहण्याची जागाही असते. पण बाण सोडलेला असतो आपणच. हे मला सोडवत नाही, बेटा."

भिल्लांचं नाव निघालं आणि मला राहवलं नाही. "ते बाण अंगठा न लावता सोडतात असं सांगतात ना? एकलव्यासाठी. मग एकलव्याचा नेम कुठे चुकला? त्याच्याएवढा नेम कुणाचा होता? त्याला पाडलं कुणी? अंगठा मागणाऱ्याने. तुमच्या फळ्यावर एकलव्यापुढे कुठला दोष लिहाल?"

"काहीच नाही लिहिणार." मामा ताठ बसले. "पण अंगठा दिला त्याने. कापून कुणी घेतला नाही, त्याने स्वतः कापला. मागणाऱ्याचं पाप मागणाऱ्याच्या माथी, त्यात मी तसूभर कमी करत नाही. पण तू त्याला नुसता बळी करून टाकशील तर त्याचं देणं पुसून टाकशील. मग उरलं काय? एक फसलेला पोरगा. भासाचा 'कर्णभार' बघ. कर्ण युद्धाला निघालाय, इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येतो, कवचकुंडलं मागतो. शल्य थांबवतो, देऊ नको म्हणतो. कर्ण देतो. त्याला कळत नाही म्हणून देत नाही. मागितल्यावर नाही म्हणायचं त्याला येत नाही, म्हणून देतो. ह्याला दोष म्हणशील?"

"नाही."

"मीही नाही म्हणणार. ज्या गुणासाठी आपण त्याच्यावर जीव टाकतो, त्याच गुणाच्या वाटेने मरण आत येतं. ईडिपस बघ. थेबेसमध्ये साथ पसरलीय, लोक मरताहेत. खुनी कोण ते शोधून काढीन असं राजा जाहीर करतो. राणी पुढे म्हणते, शोधू नकोस, थांब. तो थांबत नाही. प्रजेची फिकीर नसलेला राजा असता तर सुखाने म्हातारा झाला असता. आणि डोळे फोडून घेतल्यावर तो काय म्हणतो? देवाने घडवलं, पण हात माझा होता. ह्या दोन गोष्टी तो एका दमात म्हणतो. मला वाटतं तुझं आणि माझं भांडण त्यानेच सोडवून ठेवलंय."

"अर्धंच सोडवलंय," मी म्हटलं. "तो राजा होता. हात माझा म्हणायला त्याला परवडलं. माझा पक्षकार तसं म्हणाला की समोरचा वकील ते लिहून घेतो."

मग मी त्यांना सोमवारचं काम सांगितलं. नावगाव अर्थातच सांगितलं नाही. एक म्हातारे शेतकरी, दोन मुलं, थोडीफार बागायत, राहतं घर. सगळं मुलांच्या नावावर करायचंय, बक्षीसपत्राने, जिवंतपणी. आजवर सातबाऱ्यावर स्वतःचं नाव मिरवलं, आता म्हणतात, मोकळं व्हायचंय.

"बेलवलकर," मामा लगेच म्हणाले.

23 डिसेंबर 1970 ला गोवा हिंदू असोसिएशनने 'नटसम्राट' रंगमंचावर आणलं, डॉ. श्रीराम लागू पहिले आप्पा बेलवलकर. शिरवाडकरांनी लिअर राजाला नाशिकच्या वाऱ्यात उभं केलं, असं मामा म्हणतात. निवृत्त होताच आप्पा होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतात. पुढे पोटच्या मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो आणि म्हातारा-म्हातारी रात्रीतून बाहेर पडतात. हे नाटक साक्रीत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. तलाठ्याकडे फेरफाराला आलेली म्हातारी माणसं बघितली की पुरे.

"मी त्यांना 2007 चा कायदा सांगितला," मी म्हटलं. "ज्येष्ठ नागरिकांचा. बक्षीसपत्रात एक अट घालायची, की मुलांनी अन्नवस्त्र, औषधपाणी, राहायची जागा द्यायची. नाही दिली तर प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ते रद्द करून मागता येतं. चार ओळींची अट. आप्पांच्या कागदात ह्या चार ओळी असत्या तर नाटक दुसऱ्या अंकातच थांबलं असतं. म्हणून म्हणते, कारण बाहेर असतं, आणि बाहेरचं असलं की त्याला उपाय असतो."

"मग? घातली अट?"

इथे मला थोडं थांबावं लागलं. "म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, वकीलबाई, पोराला जमीन देऊ आणि वर लिहून देऊ की तू मला उपाशी ठेवशील अशी भीती वाटते? असं लिहायला माझा अंगठा उठणार नाही. राग नव्हता त्यात, मामा. अगदी समजावून सांगितलं त्यांनी मला."

मामा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील, बघ, स्वभाव. ते नाही म्हणाले. उठून आत गेले आणि पितळी पेला घेऊन आले. साधाच, काठाला चेमटलेला.

"गॅदरिंगला आम्ही शिक्षकांनी 'एकच प्याला'चा एक अंक केला होता, तुझा जन्म व्हायच्या आधी. ह्या पेल्यात गार झालेला कोरा चहा असायचा. मी रामलाल होतो. सुधाकर करायचा तो माझा जिवलग. काम असं करायचा की पेला उचलला की पहिल्या रांगेतली पोरं रडायची. पुढे तो खराच पिऊ लागला. नोकरी गेली. एकदा रात्री इथे, ह्या ओट्यावर आला. म्हणाला, सोडलीय, महिना झाला, कुठे तरी चिकटव. मी म्हणालो, आधी सहा महिने राहून दाखव. दार उघडं होतं, पण मी आत ये म्हणालो नाही."

"मामा..."

"ऐक. शेवटी धुळ्याच्या दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो. रडलो, माफी मागितली. तर म्हणाला, तसं नही शे भाऊ. तुझ्या दारातून मी उलटा फिरलो तेव्हा उजव्या हाताला घर होतं आणि डाव्या हाताला दुकान. वळलो मी. ते तरी माझं राहू दे." मामांनी पेला परातीशेजारी ठेवला. "म्हणून मी दोष शिकवत राहिलो. त्याने तेवढंच स्वतःकडे ठेवलं होतं, ते मी कसं काढून घेऊ? पण तू म्हणतेस तो रामलाल, हात धरणारा, तो मी झालो नाही. हेही खरंय. हे मी कुठल्याच वर्गात सांगितलं नाही."

मामींनी न विचारता भाकरी टाकल्या होत्या, तव्याचा वास ओट्यापर्यंत आला होता. मामांनी पेन काढून पहिलं वाक्य पूर्ण खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचत नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं.

"उद्या किती वाजता येणार तुझे म्हातारे?" त्यांनी विचारलं.

"अकराला. मी दोन मसुदे तयार ठेवलेत. एक अटीचा, एक बिनअटीचा."

"पुढे कुठला ठेवशील?"

"अटीचा वर ठेवीन. पुन्हा एकदा समजावीन. मुलांनाही समोर बसवीन."

"आणि त्यांनी खालचा काढून मागितला तर?"

मी परातीतली उरलेली शेंग उचलली. ती गार झाली होती.

"तर वाचून दाखवीन," मी म्हटलं, "आणि शाईची डबी पुढे करीन."